टेबलावरचा बाहुला

ग्लेनिस नोस्के एकतीस वर्षं अँब्युलन्सवर होती. हे काम का धरलंस असं कोणी विचारलं की ती सांगायची, "गुरुवारी संध्याकाळी घराबाहेर पडायला दुसरं निमित्त नव्हतं म्हणून." यात थोडं खरंही होतं. पोस्टाच्या दारावर चिठ्ठी लागली होती: स्वयंसेवक हवेत, दर गुरुवारी सराव. गुरुवारी नवरा टीव्हीसमोर घोरत पडायचा. ती नुसतं बघून यावं म्हणून गेली आणि अडकली ती अडकलीच.

कॉलिन्स टँक हे तिचं गाव म्हणजे गहू साठवायचे चार उंच सायलो, एक पब, एक शाळा आणि दोनशे दहा माणसं. मोठं इस्पितळ दीड तासावर, शेजारच्या गावची अँब्युलन्स पन्नास मिनिटांवर. मधल्या वेळात माणसाला जगवायचं काम ग्लेनिस आणि बेव्हनचं. बेव्हन खताचं दुकान चालवायचा, ग्लेनिस शाळेची बस. पगार दोघांनाही नाही. हिरवा गणवेश आणि कमरेला पेजर, बस्स. निम्म्या गावाला तिने आधी शाळेत पोचवलं होतं आणि पुढे कधी ना कधी इस्पितळात.

इथे अँब्युलन्स अनोळखी घरी जातच नाही. दार उघडायच्या आधी कुत्र्याचं नाव ठाऊक असतं. माणूस गेला तर ग्लेनिस स्वतःच किटली चढवायची, जमिनीवर पडलेली वेष्टनं, नळ्या, सगळं गोळा करायची, आणि मग बायकोशेजारी बसायची. पण खोटा धीर कधी द्यायची नाही. म्हाताऱ्या कीथने एकदा स्ट्रेचरवरून विचारलं होतं, "ग्लेन, मी मरतोय का गं?"

"आत्ता तरी नाही," ती म्हणाली. "मरायला लागलास की सांगते."

कीथ पुढे नऊ वर्षं जगला आणि पबमध्ये येईल त्याला ही गोष्ट ऐकवत राहिला. ग्लेनिस खोटं बोलत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच त्या बाहुल्याची गोष्ट सांगायला हवी.

नियम असा होता की दोन माणसं असल्याशिवाय अँब्युलन्स शेडबाहेर निघायची नाही. एके काळी नऊ स्वयंसेवक होते. काही म्हातारे झाले, काही शहरात गेले, एक जण बायकोने दटावलं म्हणून थांबला. शेवटी राहिले दोघं. आणि त्यात ग्लेनिसचे गुडघे गेले. डावा बदलून झाला होता, उजव्याचा नंबर लागायचा होता. तिला जमिनीवर नीट गुडघे टेकता येईनात. बस चालवताना काही अडत नव्हतं, पण बंद पडलेलं हृदय चालू ठेवायचं तर माणसाच्या बाजूला गुडघ्यांवर बसून, हात ताठ ठेवून, अख्ख्या अंगाचं वजन त्याच्या छातीवर टाकावं लागतं. नुसत्या दंडांच्या जोरावर ते होत नाही.

दर मार्चमध्ये पॉला नावाची प्रशिक्षक मोठ्या गावाहून यायची आणि गावच्या हॉलमध्ये रबरी बाहुल्यावर परीक्षा घ्यायची. बाहुल्याच्या खांद्यावर दिवा होता. छाती पुरेशी खोल दाबली गेली की हिरवा, नाहीतर लाल. त्या वर्षी ग्लेनिस बाहुल्याजवळ उभी राहून जमिनीकडे नुसती बघत राहिली. तेवढ्यात हॉलची देखभाल करणारा लाईल आत आला. तो ग्लेनिसचा शेजारी, तिच्या कोंबड्यांना तिच्याआधी दाणे टाकणारा माणूस.

"काय हे, गुडघ्यांचे हाल कशाला?" म्हणत त्याने बाहुला उचलला आणि चहाच्या टेबलावर ठेवला. "घे. आता कर आरामात."

उभ्याने वजन टाकायला काहीच जड गेलं नाही. दिवा दोन मिनिटं हिरवागार राहिला. त्या दोन मिनिटांत बेव्हन बुटाची नाडी बांधत होता आणि पॉला खिडकीबाहेर बघत होती. ग्लेनिसला नापास केलं तर गावाची अँब्युलन्स बंद होईल, हे पॉलालाही कळत होतं. तिने सही केली. लाईलने सगळ्यांसाठी सॉसेज भाजली. कोणी कोणाला काही बोललं नाही, आणि ग्लेनिसही मूग गिळून बसली.

नोव्हेंबरात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडावर, सुगी भरात आली. उत्तरेचा तापलेला वारा, डोळ्यांत माशा, सायलोपुढे गव्हाच्या ट्रकांची रांग. लाईल दर सुगीला तिथे गव्हाचे नमुने काढायचं काम करायचा. सकाळी अकराला ग्लेनिसचा पेजर वाजला. माणूस कोसळला, श्वास नाही, सायलोचं आवार.

ती आणि बेव्हन पोचले तेव्हा लाईल काँक्रीटवर उताणा पडला होता. एका ट्रकवाल्याने त्याला सावलीत ओढून कपाळावर ओला रुमाल ठेवला होता. छाती कोणीच दाबत नव्हतं. बेव्हन डोक्याशी बसला, तोंडावर मास्क धरला, छातीला यंत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. ग्लेनिस कशीबशी खाली बसली, एक पाय बाजूला पसरून, तिरकी, आणि तिने दाबायला सुरुवात केली.

हे यंत्र गरज असेल तर हृदयाला विजेचा झटका देतं, आणि तोवर बोलत राहतं. त्याचा आवाज एखाद्या शांत शिक्षिकेसारखा आहे.

"आणखी जोरात दाबा," यंत्र म्हणालं.

तिने दंडांचा सगळा जोर लावला.

"आणखी जोरात दाबा."

बेव्हनने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि लगेच खाली घातली. ट्रकवाले गोल करून उभे होते, टोप्या हातात घेऊन. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती पण घाई नव्हती, कारण ग्लेनिस आली होती. त्यांतल्या बहुतेकांना तिने सहा वर्षांचे असताना बसमध्ये चढवलं होतं. त्यांच्यासमोर हात वर करायचे म्हणजे काय, हे तिला त्या क्षणी कळलं आणि ती दाबत राहिली. तिला लाज वाटत होती. लाईल मरत होता आणि तिला लाज वाटत होती.

"आणखी जोरात दाबा."

दोन मिनिटं अशी गेली. मग यंत्राने सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, झटका दिला, आणि पुन्हा दाबायला सांगितलं. ग्लेनिस सरळ बसली.

"मला जमत नाहीये," ती म्हणाली. कोणाला कळलंच नाही. मग तिने बसमध्ये लावायची तो आवाज लावला. "मला जमत नाहीये, ऐकलंत का? माझ्याने होत नाही. इकडे या, रांग लावा. टेगन, तू पहिली."

टेगन चोवीस वर्षांची, वडिलांचा ट्रक चालवणारी, धिप्पाड मुलगी. "मिसेस नोस्के, मला काही येत नाही हो."

"मला येतं. तुझ्यात जोर आहे. गुडघे टेक. हात इथे. कोपर ताठ. आता सगळं अंग टाक त्याच्यावर."

"बरगडी मोडेल हो."

"मोडू दे. बरगडी जुळते."

टेगनने दाबलं. काहीतरी करकन वाजलं, ती पांढरीफटक पडली, पण थांबली नाही.

"छान दाबता आहात," यंत्र म्हणालं.

ग्लेनिस लाईलच्या दुसऱ्या बाजूला बसून मोजत राहिली. दर दोन मिनिटांनी नवा माणूस. गव्हासाठी रांगेत उभे असलेले लोक आता लाईलसाठी रांगेत उभे होते, आणि ती प्रत्येकाचे हात धरून जागेवर ठेवत होती, ओरडत होती, कोणाचं कोपर वाकलं तर त्यावर चापटी मारत होती. सहावा माणूस बसायच्या आधी तिसऱ्या झटक्यानंतर लाईलची नाडी हाताला लागली. दुपारी फिरत्या डॉक्टरांचं विमान गावाबाहेरच्या धावपट्टीवर उतरलं आणि त्याला घेऊन गेलं.

लाईल वाचला. गावाने ग्लेनिसला डोक्यावर घेतलं. पबच्या भिंतीवर तिचा फोटो लागला, शाळेतल्या मुलांनी चित्रं काढून पाठवली. लाईल सात आठवड्यांनी घरी आला तो थोडा बदलून आला. बोलता बोलता त्याला शब्द सापडेनासा व्हायचा. शर्टाची बटणं वरखाली लागायची. कुत्र्याला तो आधीच्या, मेलेल्या कुत्र्याच्या नावाने हाक मारायचा.

त्याची बायको नोरीन स्पंज केक घेऊन ग्लेनिसकडे आली. "तू नसतीस तर माझं काय झालं असतं," असं ती येईल त्याला सांगत होतीच. आता तिने ते ग्लेनिसला सांगितलं आणि रडली.

ग्लेनिसच्या ड्रॉवरमध्ये यंत्राने नोंदवलेल्या त्या दिवसाचा कागद होता. बेव्हन म्हणाला होता, फाडून टाक. तिने तो नोरीनपुढे ठेवला. "या रेघा बघ. उंच आहेत त्या टेगनच्या आणि बाकीच्यांच्या. सुरुवातीच्या बुटक्या आहेत त्या माझ्या. पहिली दोन मिनिटं मी त्याच्या काही उपयोगाची नव्हते, नोरीन. यंत्र सांगत होतं आणि मी ऐकत होते, तरी उठले नाही. मार्चमध्ये मी परीक्षा पास झाले ती बाहुला टेबलावर ठेवून."

नोरीनने कागद परत तिच्याकडे सरकवला.

"हे मला कशाला सांगतेस?"

"तू गावभर माझं नाव घेत फिरतेयस म्हणून. मला झोप लागत नाही."

"ती दोन मिनिटं वाया गेली नसती, तर तो आधीसारखा राहिला असता?"

"माहीत नाही. आम्ही पोचायच्या आधीही वेळ गेला होता. डॉक्टरांनाही सांगता येणार नाही." ग्लेनिसला इथे थांबता आलं असतं. "कदाचित राहिला असता."

नोरीनने पर्स उचलली. "काल त्याने चहात मीठ घातलं," ती म्हणाली. "मी हसले. वाटलं, जिवंत तर आहे." चहा तसाच टाकून ती निघून गेली. पुढचे सात आठवडे ती पोस्टात दिसली की नजर फिरवून जायची, आणि ग्लेनिसने तिला अडवलं नाही. तो तिचा हक्क होता.

मार्चमध्ये पॉला आली. या वेळी हॉलमध्ये टेगनही होती, नव्या हिरव्या शर्टात, ज्याच्या बाह्यांवर घड्या अजून तशाच होत्या. डिसेंबरपासून ती दर गुरुवारी येत होती. रक्त पाहिलं की चक्कर येते अशी तिची तक्रार होती. ग्लेनिसने तिला सांगितलं होतं की चक्कर आली तर बसायचं, घरी जायचं नाही. बेव्हन पुन्हा बुटाच्या नाडीशी खेळत होता.

दार उघडलं आणि लाईल आत आला. मागे नोरीन होती, त्याच्या कोपराला धरून. ग्लेनिसकडे बघून ती खुर्ची ओढून बसली.

लाईलने सगळ्यांकडे पाहिलं. पॉलाचं नाव त्याला आठवलं नाही, त्याने नुसती मान हलवली. मग त्याची नजर जमिनीवरच्या बाहुल्याकडे गेली आणि चेहरा उजळला. तो वाकला, बाहुल्याच्या काखांत हात घातले.

"ग्लेन, तुझे... तुझे ते..." त्याने स्वतःच्या पायावर थाप मारली. "गुडघे. थांब. वर ठेवतो."

बरंच काही तो विसरला होता. हे विसरला नव्हता. ग्लेनिसने पुढे होऊन त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे, लाईल. खालीच राहू दे."

टेबलाची कड धरून ती हळूहळू खाली बसली, पाय तिरका, आणि दाबायला लागली. दिवा लाल होता. बेव्हनने या वेळी बुटाची नाडी हातातून टाकली आणि पाहिलं. पॉलाने खिडकीकडे तोंड केलं नाही. ग्लेनिसने मध्येच सोडून दिलं नाही, पूर्ण दोन मिनिटं दाबलं, आणि पूर्ण दोन मिनिटं दिवा लालच राहिला.

"काय दिसलं ते लिही, पॉला," ती धापा टाकत म्हणाली. "टेगन, ये. तुझी पाळी."

टेगन गुडघे टेकून बसली. ग्लेनिसला उठता येईना, तेव्हा लाईलने तिला हात दिला.