पोर बोलतं करणाऱ्या बाई

आमच्या वाडीत मूल जन्माला आलं की पाचवीच्या दिवशी अंगणवाडीच्या बाई हजर. बाळाच्या तळव्यात बोट ठेवायच्या आणि त्यानं मूठ आवळली की हसायच्या. "माकडपणातली सवय ही. आईच्या अंगावरनं पडू नये म्हणून. पकडायला पोर शिकून येतां, बोलायला मात्र आपण शिकवायचां." हे त्यांनी कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलेलं, पण सांगायच्या स्वतःचाच शोध असल्यासारखं. म्हाताऱ्या नाक मुरडायच्या, "आमच्या नातवाला माकड म्हणतेस?"

माझी सई अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. नवरा लोट्याला कंपनीत, घरी यायचा रविवारी. मी दिवसभर देवरुखला दुकानात. सासूबाई गुडघ्यांनी बेजार, म्हणून पोरीच्या हातात मोबाईल. मी नवस केले, अंगारे लावले. बाईंनी मोबाईल उचलून फडताळावर ठेवला आणि पोरीला कडेवर घेतलं.

मग रोज अंगणवाडीत खिचडी ढवळताना, मुलांची वजनं करताना सई त्यांच्या कडेवरच. बाईंची बडबड अखंड चालू. कोंबडी काय शोधते, फणस कुणाचा, सगळं तिला सांगायचं. मी एकदा विचारलं, "तिला कळतं का हो?"

"तोंडाकडं बघत्येय ना माज्या? बास झालां."

चार महिन्यांनी सई बोलली. बाईंच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, "आई." मी दारातच उभी होते. बाई गोरीमोरी झाल्या, "ती बघ आई, तिकडं," म्हणत त्यांनी घाईनं पोर माझ्याकडे दिली. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र पोरीला घेऊन तडक घरी निघाले.

जूनमध्ये आम्ही देवरुखला बिऱ्हाड केलं. टेम्पोत सामान चढवून झालं तेव्हा बाई सईला बघायला आल्या. मी म्हटलं, "राहू दे बाई. तिला आता तुमची सवय नको."

"बरां," म्हणाल्या आणि आल्या वाटेनं परत गेल्या. घाट उतरेपर्यंत सई "आई, आई" म्हणून रडत होती. मी तिच्या शेजारीच बसले होते.

आता ती दहा वर्षांची आहे. तोंडाचा पट्टा थांबत नाही, वक्तृत्वात दरवर्षी बक्षीस. लोक म्हणतात, आईवर गेली. मी ऐकून घेते.

गेल्या महिन्यात बाई गेल्याचा फोन आला. मी ओट्याला धरून रडायला लागले. सई धावत आली.

"कोण गेलं गं?"

"अंगणवाडीच्या बाई."

"त्या कोण?"

तिचा काय दोष? सात वर्षांत मी त्यांचं नाव घरात एकदाही काढलं नव्हतं.