महिपत फायनल नक्की

महिपत शिगवणांना ऐकू कमी येतं, हे सगळ्या कल्याणला ठाऊक होतं. फक्त महिपत शिगवणांना ठाऊक नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की हल्लीचे लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. टीव्हीवाले पुटपुटतात, रिक्षावाले पुटपुटतात, बँकेतली मुलगी तर नुसते ओठ हलवते. पूर्वीची माणसं कशी खणखणीत बोलायची! आता ही पूर्वीची माणसं म्हणजे डोंबिवली एमआयडीसीतल्या, पत्रा ठोकणाऱ्या एका प्रेस शॉपमधली, जिथे मशिनींच्या धडधडाटात शेजारच्याला 'चहा घेणार का' विचारायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. हा मुद्दा त्यांनी कधी लक्षात घेतला नाही.

त्या शॉपमध्ये महिपतराव डाय सेटर होते. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा. तो मशीनवर असा बसवायचा, की पहिल्याच ठोक्याला माल बरोबर निघाला पाहिजे. सुताचा फरक चालत नाही. जन्मभर हेच केल्यामुळे त्यांची अशी श्रद्धा झाली होती, की जगात जे काही बिघडतं ते सेटिंगमुळे बिघडतं. आमटी खारट झाली, सेटिंग चुकलं. मुलाचं लग्न लांबलं, सेटिंग बसत नाहीये. कंपनी कानात घालायला कापूस द्यायची, तो मात्र ते इमानेइतबारे घरी आणायचे. इतका पांढराशुभ्र कापूस कानात कोंबायचा म्हणजे पापच की! शीलाबाई त्याच्या वाती वळायच्या.

शीलाबाई म्हणजे त्यांची बायको. माहेर दापोलीकडचं, गळा गोड, आणि ओव्या जिभेवर. विठ्ठलवाडीच्या चाळीत एकच खोली होती. खाटेवरून पाय लांब केला तर शेगडीला लागेल, एवढी. दुसऱ्या पाळीहून येऊन महिपतराव खाटेवर आडवे व्हायचे आणि शीलाबाई भाकऱ्या थापता थापता गायच्या. जुन्या ओव्या संपल्या की नव्या जुळवायच्या. त्या आवाजावर महिपतरावांना झोप लागायची. हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही. त्या पिढीत असलं काही सांगत नसत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कल्याणला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दोन खोल्या, हॉल, टाइल्स लावलेलं स्वयंपाकघर. शीलाबाई चाळ सोडायला नाखूष होत्या, पण नवऱ्यासाठी आल्या. आणि इथे आल्यापासून त्यांचं गाणं बंद झालं.

ही गोष्ट महिपतरावांच्या मनाला कुसळासारखी टोचत राहिली. विचारायची सोय नव्हती. विचारलं तर ती म्हणणार, 'छे हो, छान आहे घर.' तिला बरं वाटत नसलं तरी ती तेच म्हणणार. आपण आपल्या हौसेपायी तिला चार बायकांतून उचलून ह्या डब्यात आणून कोंडली, हे त्यांनी स्वतःशीच ठरवून टाकलं. त्या दु:खात ते हॉलमध्ये टीव्ही आणखी मोठा करून बसायचे.

दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेच्या तळाशी एक कॅसेट सापडली. शीलाबाईंच्या भावाने मस्कतहून टेपरेकॉर्डर आणला होता, तेव्हाची. कुणाच्या तरी हळदीत शीलाबाई गायल्या होत्या. ठाण्याला राहणाऱ्या विनीतने, म्हणजे मुलाने, ती कॉम्प्युटरवर उतरवून दिली आणि आपला जुना कॉम्प्युटरही आणून हॉलच्या कोपऱ्यात मांडला. महिपतरावांनी ती लावली. आवाज येत होता, पण गोधडीत गुंडाळल्यासारखा. शब्द कळेना, बांगड्या ऐकू येईनात.

"सेटिंग गंडलंय," महिपतराव म्हणाले.

"मला तर बरं वाटतंय, बाबा," विनीत म्हणाला. पण बापाचा चेहरा बघून त्याने एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. स्क्रीनवर उभ्या दांड्यांची एक ओळ आली. "हे बघा, ह्याला इक्वलायझर म्हणतात. डावीकडच्या दांड्या जाड आवाजाच्या, ढोलबिल. उजवीकडच्या बारीक आवाजाच्या. जे वाढवायचं ते वर सरकवा, जे कमी करायचं ते खाली."

महिपतरावांचे डोळे चमकले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते मशीन निवृत्तीनंतर घरी चालून आलं होतं.

त्या दिवसापासून चहा तिथे, नाश्ता तिथे. आधी त्यांनी तयार सेटिंगं वापरून पाहिली. 'रॉक' लावल्यावर शीलाबाई ट्रकमध्ये बसून गातायत असं वाटलं. 'कॉन्सर्ट हॉल' लावल्यावर त्या विहिरीत पडल्या. मग महिपतरावांनी स्वतःचं सेटिंग बसवायला घेतलं. एकेक दांडी केसभर हलवायची, गाणं पहिल्यापासून लावायचं, डोळे मिटून ऐकायचं. खालच्या मजल्यावरचे त्र्यंबकराव सोमण, निवृत्त शिक्षक आणि सोसायटीचे सेक्रेटरी, हे एक दिवस वर आले.

"शिगवण, आपण हे काय आरंभलं आहे? एकच ओळ आठवडाभर ऐकतो आहोत आम्ही."

तेव्हा विनीतने हेडफोन आणून दिले. महिपतराव ते कानांवर चढवून बसू लागले, आणि पुढे दांड्या कुठे चालल्या आहेत हे कुणाला कळायचा मार्गच राहिला नाही. सेटिंगांना नावं पडत गेली. 'महिपत १'. 'महिपत २'. 'महिपत फायनल'. 'महिपत फायनल खरं'. शेवटी एका दुपारी शब्द आले, बांगड्या आल्या, मागे हसणारी पोर आली, आणि महिपतरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते सेटिंग 'महिपत फायनल नक्की' म्हणून साठवलं. डावीकडच्या दांड्या तळाला आणि तिथून उजवीकडे जिना चढत गेल्यासारख्या पार छतापर्यंत.

आता हे सगळ्यांसमोर वाजवायचं. चारचौघांत वाहवा झाली, की शीलाला पुन्हा गावंसं वाटेल. मुहूर्तही आयताच होता. सव्वीस जानेवारीला सोसायटीचा सत्यनारायण असतो, खाली पार्किंगमध्ये मांडव, दोन उंच स्पीकर. महिपतरावांनी सेटिंगसकट गाणं पेन ड्राइव्हवर घेतलं आणि आरती झाल्यावर, प्रसाद वाटायच्या आत, मंडपवाल्याच्या हातात दिलं. "फुल ठेव," म्हणाले.

पुढे जे झालं त्याचं वर्णन सोसायटीत अजून होतं. आधी एक सुसाट शिट्टी आली. मग बांगड्या आल्या, म्हणजे भांड्यांची मांडणी जिन्यावरून गडगडत खाली यावी तशा. त्यातून शीलाबाईंचा आवाज असा काही निघाला, की पहिल्या रांगेतलं बाळ किंचाळून रडायला लागलं, भटजींच्या हातातली पळी पडली आणि कुत्री कंपाउंड सोडून थेट नाक्यापर्यंत गेली. सगळ्या सोसायटीने दोन्ही हात कानांवर नेले.

महिपतराव स्पीकरसमोर डोळे मिटून उभे होते. एकेक शब्द मोत्यासारखा ऐकू येत होता. त्यांनी सावकाश डोळे उघडले, तर समोर शंभर माणसं कानाला हात लावून उभी! थोरामोठ्या गवयाचं नाव निघालं की माणसं कानाच्या पाळीला हात लावतात, एवढं त्यांना माहीत होतं. आपल्या बायकोला एवढा मान मिळेल, असं मात्र त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. गहिवरून त्यांनीही कानाला हात लावला.

त्र्यंबकरावांनी जाऊन वायर उपटली.

"काय हो हे!" शीलाबाई पदराने तोंड झाकून म्हणाल्या. "असा आवाज आहे माझा?" आणि वाटायला भरत असलेला शिऱ्याचा द्रोण तसाच टाकून जिना चढून गेल्या. महिपतरावांना समजेना, की एवढा मान मिळून ही रडते का.

पूजेसाठी आलेल्या विनीतला मात्र सगळं समजलं. तिसऱ्या दिवशी त्याने दोघांना रिक्षात घातलं आणि स्टेशनजवळच्या कान तपासणाऱ्या वैशाली मॅडमकडे नेलं. महिपतराव तणतणत होते. कान त्यांचे ठीक होते, स्पीकर भिकार होते. मॅडमनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, ऐकू आलं की बटण दाबायला सांगितलं, आणि बाहेर आल्यावर एक कागद पुढे ठेवला.

"काका, हा तुमच्या कानांचा ग्राफ. डावीकडे जाड आवाज. उजवीकडे बारीक, म्हणजे पक्षी, टाळ, बायकांचं बोलणं. रेघ जेवढी खाली, तेवढं ऐकू येणं कमी."

रेघ डावीकडून निघून उजवीकडे जिना उतरत पार तळाला गेली होती.

"बायकांचं बोलणं होय?" शीलाबाई म्हणाल्या. दोन दिवसांतलं हे त्यांचं पहिलं वाक्य. "ते लग्नापासूनच बंद आहे."

 ती रेघ महिपतरावांच्या ओळखीची होती. त्यांनी कागद उचलला, खालची कड वर करून पालथा घातला आणि खिडकीच्या उजेडाला धरला. आता रेघ मागून दिसत होती, आणि जिना चढत होती. डावीकडून तळातून, उजवीकडे छतापर्यंत.

"मॅडम," ते दरडावून म्हणाले, "माझ्या फायनलची कॉपी तुम्हाला कुणी दिली?"

दांड्यांची सगळी कहाणी ऐकून मॅडम हसत सुटल्या. "काका, तुम्ही गाणं नाही दुरुस्त केलंत. तुम्ही तुमच्या कानांचं माप काढलंत. आणि अगदी बरोबर काढलंत हो! सुताचा फरक नाही."

आपण बहिरे होत चाललोय आणि आपलं माप सुताला बरोबर आहे, ह्या दोन बातम्या महिपतरावांना एकदमच मिळाल्या. त्यांनी दुसरी आधी घेतली. विनीतकडे बघून त्यांनी मान ताठ केली.

"कारखान्यात कानात काही घालायचात का?" मॅडमनी विचारलं.

"कापूस द्यायचे की."

"मग?"

महिपतरावांनी शीलाबाईंकडे पाहिलं. शीलाबाईंनी जमिनीकडे पाहिलं. "वाती केल्या मी त्याच्या," त्या म्हणाल्या. "देव्हारा लख्ख असायचा आमचा." आणि त्यांना रडू आलं. दोन दिवसांचा राग त्या रडण्यात वाहून गेला.

कानात घालायचं यंत्र आलं. मॅडम ते कॉम्प्युटरला जोडून त्याच्या दांड्या लावत असताना महिपतराव मागे उभे राहून सूचना करत होते, आणि एक दांडी तर त्यांनी भांडून वाढवून घेतली. घरी आल्यावर त्यांना आपल्याच चपला ऐकू आल्या. पंखा कुरकुरत होता. वर्तमानपत्राचं पान उलटताना आवाज होतो, हे ते विसरूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॉम्प्युटरसमोर बसले. सगळ्या दांड्या मधल्या रेघेवर आणल्या आणि कॅसेटमधलं गाणं आहे तसं, साध्या स्पीकरवर लावलं. शब्द आले. बांगड्या आल्या. ती पोर हसली. कुठेही शिट्टी नाही. गाणं संपलं आणि स्क्रीनवरची रेघ थांबली.

आवाज थांबला नाही.

महिपतरावांनी माऊस दाबला. पुन्हा दाबला. "हँग झालं," म्हणत वाकून प्लग काढला. स्क्रीन काळी झाली, तरी शीलाबाई गातच होत्या. मग त्यांना नव्या यंत्राचा संशय आला. कानातून काढलं तर गाणं गेलं. घातलं तर आलं. ते हळूहळू उठले आणि आवाजाच्या मागे मागे पॅसेजमधून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. एक्झॉस्ट फॅन चालू होता. शीलाबाई पाठमोऱ्या उभ्या राहून भाकरी थापत होत्या.

"तिसऱ्या माळ्यावर माझ्या, वारा गं भरारा,
दाराशी नाही बाई, नळावरचा पसारा.
धनी माझा बसला, खोक्यापाशी कान देऊन,
मी गं इथं गाते, त्याला सांगा कुणी जाऊन."

भाकरी उलटताना त्यांचं दाराकडे लक्ष गेलं. "अगं बाई! काय हवंय? चहा?"

"कधीपासून पुन्हा गायला लागलीस?"

"पुन्हा म्हणजे? थांबले कधी होते?" शीलाबाई म्हणाल्या. "उलट इथे जास्तच गाते. तिकडे चाळीत मेला हंडा वाजला की निम्मी ओवी जायची. इथे टाइल्समुळे घुमतो किती छान आवाज! तुम्हालाच आवडेना. म्हणून तर ती टोपणं कानांवर घालून बसायचात तिकडे. मी म्हटलं, राहू दे, नाही आवडत तर नाही."

 जिच्या आवाजासाठी महिपतराव कानांवर हेडफोन चढवून बसत होते, ती दोन भिंती पलीकडे त्यांच्यासाठीच गात होती. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि ओटा आणि फ्रिज यांच्यामधल्या अरुंद जागेत, शेगडीला पाय लागेल इतक्या जवळ बसले. 

"पुढची म्हण," ते हळूच म्हणाले.

"काय?" शीलाबाई ओरडल्या. "मोठ्यानं बोला की जरा! तोंडातल्या तोंडात काय पुटपुटताय?"