डोंगा नर्मदीच्या विहिरीवर आला तेव्हा

आधीच सांगून टाकतो... या ग्रुपवरचे असले अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आलोय. वाशीमला माझं मेडिकल आहे. अंगात आलं, बाहेरचं काही लागलं म्हणून ज्यांना घेऊन येतात, त्यातल्या निम्म्यांची शुगर उतरलेली असते आणि उरलेल्यांची झोप झालेली नसते — हे काउंटरच्या मागून वर्षानुवर्षं बघतोय. माझी बायको वैशाली माझ्याही पुढची. ती शाळेत गणित शिकवते. आमच्या घरात लिंबू आणि मिरची फक्त भाजीच्या पिशवीत एकत्र दिसतात.

तेव्हा कोणाला पटवायला हे लिहीत नाही. वर्ष होऊन गेलं, डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून आम्हा दोघांना रविवारी घर खायला उठतं. मग मी बुलेट काढतो, वैशाली मागे बसते आणि दिवसभर फिरून यायचं. लोणार झालं, पोहरादेवी झालं, काटेपूर्णाचं जंगल झालं. त्या रविवारी कामरगावला माझ्या मावसबहिणीकडे जेवायला जायचं होतं. सरळ कारंज्याहून गेलो असतो तर सकाळीच पोचलो असतो, पण सरळ जायचं नाही हाच आमचा नियम. आधी उलट्या दिशेला मेडशीला गेलो, स्टँडसमोर गरम आलुबोंडा आणि चहा घेतला, मग परत मालेगावला येऊन शेलूबाजारच्या हायवेला लागलो.

मेडशीच्या चहावाल्यानं एक बातमी दिली होती. कारंज्याच्या अलीकडे आत एक धरण आहे, त्यावर आता डोंगा चालतो.

"गाडी टाकते भाऊ डोंग्यावर. लय मोठा फेरा वाचते. आन् ताईले मजा येईन, पाहा."

ताईला आधीच मजा आली होती. "बुलेट नावेत? अहो, चला ना!" धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लोक तिथं उगाच गर्दी करतील, आणि डोंगेवाल्याचं पोट त्यावर आहे.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा — वैशाली ठाण्याची. जन्म, शाळा, कॉलेज, सगळं ठाण्यात. तिचे आईवडीलही तिकडचेच. लग्नानंतर वाशीमला आली. या धरणाकडे ती काय, मीसुद्धा कधी फिरकलो नव्हतो.

पाण्यापाशी पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. एप्रिल महिना. पाणी बरंच मागे सरकलेलं, काठावरचा गाळ वाळून भेगाळलेला, त्यातच कोणी टरबुजं लावलेली. लोखंडी पत्र्याचे दोन डोंगे एकमेकांना बांधून वर फळ्या ठोकल्या होत्या आणि मागे एक छोटं डिझेल इंजिन. चालवणारा साहेबराव, पन्नाशीच्या आतबाहेरचा, बोलका माणूस. गाडी फळीवरून चढवताना मला घाम फुटला. त्यानं हँडल धरलं, म्हणाला, "ब्रेक सोडा भाऊ, काही होत नाही. मी याच्यावर म्हशी नेल्या."

डोंग्यात आमच्याशिवाय दोघंच होते. किसनराव म्हणून एक साठी ओलांडलेले गृहस्थ आणि त्यांची लेक. बाळंतपण आटोपून तिला ते सासरी पोचवायला निघाले होते. तिच्या मांडीवर कोवळं लेकरू, टोपरं घालून झोपलेलं. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवली, एवढंच. काठावर त्यांच्याशी आमचं काहीही बोलणं झालं नव्हतं. हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलंय.

निघताना साहेबराव म्हणाला, "परवापासून उतरायची जागा बदलली बरं का. जुन्या जागी मांडीभर गाळ झाला. आता थ्या बाभळीकडं लावतो." समोरच्या काठावर एक एकटी बाभूळ दिसत होती. त्यानं डोंग्याचं तोंड तिकडे केलं.

वारं मस्त होतं. वैशाली मोबाईलवर व्हिडिओ काढत होती — आधी पाणी, मग बगळे, मग मी, मग बुलेट. मी गाडीला टेकून उभा होतो. निम्म्याच्या पुढे आलो असू, तेव्हा तिचा मोबाईलवाला हात हळूच खाली आला आणि ती म्हणाली,

"साहेबराव, इंजिन बंद कर."

मला पहिल्यांदा खटकलं ते 'कर'. वैशाली रिक्षावाल्यालाही अहो-जाहो करते.

"काय झालं ताई?"

"बंद कर म्हणते ना. समोर नर्मदीची हीर हाय."

आणि ती उठून उभी राहिली. डोंगा एका बाजूला कलला, गाडी स्टँडवर करकरली, लेकरू रडायला लागलं. मी तिचा दंड धरून तिला खाली ओढलं. साहेबरावनं इंजिन बंद केलं, पण तिचं ऐकून नाही, घाबरून.

"खाली बसा ताई आधी! डोंगा पालथा करता का? लेकरू हाय डोंग्यात!"

वैशाली बसली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. वर्गात फळ्यावरचं गणित समजावून सांगते त्याच आवाजात म्हणाली, "उजवीकडचा खांब उभा हाय. डावीकडचा तुटला. डावीकडून काढ."

डोंगा बंद इंजिनावर आपल्या वेगानं पुढे सरकत होता. पाणी गढूळ हिरवं, वर उन्हाची चमक. खाली काहीच दिसत नव्हतं. साहेबरावनं बांबू उचलला. माझ्या मते तो फक्त बाईचं समाधान करायला. पुढे जाऊन त्यानं तो उजव्या अंगाला पाण्यात घातला.

टक्.

त्यानं बांबू काढला, परत घातला. परत टक्. मग बांबू आडवा रोवून सगळा जोर लावून त्यानं डोंगा थोपवला आणि वाकून पाहिलं. मीही वाकलो. पाण्याच्या जेमतेम वीतभर खाली दगडाचं चौकोनी डोकं होतं, शेवाळानं भरलेलं, मधोमध खाच. आजूबाजूला बारीक मासळी फिरत होती. मोटेच्या जुन्या विहिरींवर असतात ना दोन दगडी खांब, त्यातला एक.

साहेबरावनं डावीकडे बांबू घातला. तो सरळ खाली गेला, कशालाच लागला नाही. मग त्यानं बांबूनंच डोंगा रेटत रेटत डावीकडून काढला. खांब आमच्या बाजूनं मागे गेला. पुढे बऱ्याच अंतरापर्यंत त्यानं इंजिन चालू केलं नाही.

"इंजिनावर लागलो असतो तं पत्रा फाटत होता," तो कोणाकडेही न बघता म्हणाला. "लेकराची माय... कसं झालं असतं बापा."

किसनराव मात्र वैशालीकडे बघत होते.

"बाई, तुमी कोन्या गावच्या?"

"ठाण्याची."

"इकडं कोनी नातेवाईक? मामा, मावशी?"

"नाही हो. सासर वाशीमचं, बस."

"मंग तुमाले नर्मदी कशी मालूम?"

"कोण नर्मदी?" वैशालीनं विचारलं.

ती नाटक करत नव्हती. नवऱ्याला तेवढं कळतं. मी तोपर्यंत सवयीनं तिची नाडी धरून बसलो होतो. नाडी नॉर्मल. माझीच जोरात होती.

काठावर उतरल्यावर किसनरावांनी सांगितलं. धरणाच्या आधी इथं त्यांचं गाव होतं. नर्मदा ही त्यांची आत्या. नवरा गेल्यावर माहेरी परत आली आणि त्या विहिरीवर स्वतः मोट हाकायची. म्हणून घरातले त्या विहिरीला नर्मदीची हीर म्हणत. गावातले बाकीचे लोक पाटलाची हीर म्हणत. आत्या गेली, गाव उठलं, पाणी आलं. तेव्हा किसनराव शाळेत होते.

"मी कितीकदा येनंजानं करतो इथून," ते म्हणाले, "पन पान्यात दिशाच समजत नाही. मले वाटे हीर पार तिकडं हाय, टेकाडाखाली. साहेबराव तं तेव्हा जन्मला बी नव्हता."

त्यांच्या लेकीनं ते लेकरू वैशालीच्या हातात दिलं. वैशालीनं थोडा वेळ धरलं, टोपरं नीट केलं आणि परत दिलं. किसनरावांनी माझ्या दुकानाचा पत्ता विचारून घेतला. साहेबरावनं भाडं घेतलं नाही, कितीही म्हटलं तरी.

कामरगावला वैशाली व्यवस्थित जेवली. बहिणीशी पापडाच्या गप्पा मारल्या, दुपारी झोपली. मी तिच्याकडेच बघत होतो, तर बहीण म्हणाली, "काहून रे, भांडले का तुमी?" परत मात्र कारंज्यावरून रस्त्यानं आलो. शेलूबाजारला उसाचा रस प्यायला थांबलो तेव्हा मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? काही ऐकू आलं? काही दिसलं?

"काहीच नाही," ती म्हणाली. "आपल्या बेडरूममध्ये अंधारात लाईटचं बटण कुठं आहे हे तुम्हाला कोणी सांगतं का? तसं. मला माहीत होतं. आणि खांब मागे गेल्यावर नव्हतं माहीत." रस संपवला आणि म्हणाली, "आता हे रोज विचारायचं नाही हं."

घरी येऊन मी तो व्हिडिओ पाहिला. बगळे आहेत, गाडी आहे, मग चित्र खाली येतं, माझे बूट आणि फळ्या दिसत राहतात आणि वैशालीचा आवाज येतो. तिचाच आवाज. पण ती 'हीर' म्हणते, 'हाय' म्हणते. इतकी वर्षं वऱ्हाडात राहून जिच्या तोंडी 'मले-तुले' आलं नाही, माझी आई म्हणूनच जिला 'आमची मुंबईची मॅडम' म्हणते, ती. ती क्लिप तिनं एकदाच ऐकली आणि हेडफोन काढून ठेवला.

मेच्या शेवटी मी एकटाच धरणावर गेलो. पाणी अजून खूप उतरलं होतं. साहेबरावनं हाक मारली, "या भाऊ, पाहा तुमच्या बाईंची हीर!" दोन खांब उघडे पडले होते. उजवा पूर्ण उभा. डावा कमरेइतक्या उंचीवर तुटलेला. कधी तुटला ते साहेबरावला माहीत नाही. किसनरावांना विचारलं तर म्हणाले, त्यांच्या आठवणीत दोन्ही खांब शाबूत होते. म्हणजे तो तुटला तो गाव उठल्यानंतर, बहुधा पाण्याखालीच. आत्या तर त्याच्याही आधी गेलेली. तिलासुद्धा ते माहीत असायचं कारण नव्हतं... मी तिथंच हिशेब सोडून दिला.

माझे एक डॉक्टर मित्र आहेत. त्यांचं म्हणणं, पाण्यावरची बारीक लहर तिच्या डोळ्यांनी टिपली असेल आणि मेंदूनं धोका ओळखला असेल. असेल. खांबाचं मान्य करतो. पण लहरीवरून नर्मदी हे नाव कसं वाचता येतं, हे विचारल्यावर ते क्रिकेटवर बोलायला लागले. दुसऱ्या एकानं पुनर्जन्म सांगितला. वैशालीनं त्याला चहा दिला आणि आत निघून गेली.

दिवाळीच्या आधी किसनराव घरी आले. पिशवीत स्वतःच्या शेतातली वांगी आणि संभार, म्हणजे कोथिंबीर. नात आता बसायला लागली, वगैरे सांगितलं. चहा झाला तरी उठेनात. मग वैशालीकडे न बघता, टीपॉयकडे बघत म्हणाले,

"बाई, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा ना काका."

"तुमाले आनखी काही आठवते का तिथलं? जास्त नाही... आमच्या घराचं तोंड कोनीकडं होतं, तेवढंच."

वैशालीनं हातातला ट्रे खाली ठेवला.

"भाऊ गेले दोन्ही," ते म्हणाले. "मायबाप तं कवाचेच. फोटो कोनी काढला नाही. गावातले जे उरले ते कोनी पुन्याले, कोनी सुरतेले. डोळे मिटले का मले ओसरी दिसते, मायची चूल दिसते, पन दरवाजात उभं राह्यलं का ऊन कोनीकडून येते ते समजत नाही. लय दिवस झाले, तेवढंच आठवून राह्यलो."

वैशालीनं डोळे मिटले. मला वाटतं, तिनं खरंच प्रयत्न केला. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"नाही हो काका. काहीच येत नाही. खरंच नाही."

त्यांनी मान हलवली. "असू द्या, असू द्या," म्हणाले आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली. मी त्यांना स्टँडवर सोडून आलो.

आल्यावर मी वैशालीला म्हटलं, काहीही सांगायचं होतं. पूर्वेला होतं म्हणाली असतीस तर म्हातारा खूश होऊन गेला असता.

"आणि तोंड पश्चिमेला असलं तर?" ती म्हणाली. "त्यांच्याकडे तेवढं एकच घर आहे हो. तेही मी चुकीचं करून ठेवू का?"

कोणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. वैशाली तर ते शोधतही नाही. किसनराव महिन्याकाठी बी.पी.च्या गोळ्या न्यायला दुकानात येतात. गोळ्या घेतात, सुट्टे देतात, पायरी उतरता उतरता थांबतात.

"बाईले काही आठवलं का?"

मी नाही म्हणतो. ते "बरं" म्हणतात आणि स्टँडकडे चालायला लागतात.