आईची हिरवी साडी दुकानातच राहिली

मंडळी, आज बस्त्याला गेलतो. माझं लग्न तोंडावर आलंय, त्यामुळं आई, आत्या आणि मी सकाळीच साड्यांचं दुकान गाठलं. बाबा गेल्यापासून आमच्या घरातलं हे पहिलंच कार्य.

नवरीचा शालू झाला, पाहुण्यांच्या साड्या झाल्या. मग मी म्हटलं, "आता आईसाठी दाखवा की."

दुकानदारानं गठ्ठा उलगडला. आईनं एका हिरव्यागार साडीवर हात ठेवला आणि पदर उलटून काठ बघत बसली.

आत्या हळूच म्हणाली, "वहिनी, हिरवी नगं. दादा असता तर गोष्ट येगळी होती. लोकं नावं ठेवत्यात."

चटका बसल्यासारखा आईनं हात मागं घेतला.

माझं डोकं सणकलं. दुकानदाराला म्हटलं, "हीच बांधा. कोण काय म्हणतंय, मी बघतो."

आत्याशी भांडायची माझी तयारी होती. पण आईच म्हणाली, "मी न्हाय नेसणार, बाळा. उद्या तुमच्या संसारात काय बारीकसारीक झालं तरी मला वाटंल, माझ्यामुळंच झालं."

आत्याचेही डोळे भरून आले. दुकानदारानं साडीची घडी घातली.

शेवटी आईनं राखाडी रंगाची साडी घेतली. रिक्षात मला म्हणते, "ही पण चांगली हाय की रे."



लोकांचं मी बघून घेईन. पण आईच्या मनातली भीती कशी काढू? तुमच्यापैकी कुणी आपल्या आईला समजावलंय का? काय बोललात तिच्याशी?