साखरबाईचं भांडण

सरावलीच्या आमच्या चाळीत साखरबाईइतकं कडू तोंड दुसरं नाही. नवरा पुंजाराम जालन्याहून कारखान्यात आला, त्याच्यामागून ही आली आणि आल्यापासून नळावर भांडतेय. मला ती आवडत नाही, खोटं कशाला बोलू?

पण ज्याचं दार दिवसाही बंद राहू लागतं, ज्याचं जेवण सुटतं, त्याच्याच दारात जाऊन ती ओरडते, ‘माझी बादली चोरलीस!’ माणूस चिडून बाहेर येतो, शिव्या देतो, मग रडतो. रडला की ही त्याला रिक्षात कोंबून पालघरला मनाच्या डॉक्टरांकडे नेते. चाळीतली काही माणसं त्या बादलीमुळेच आज जिवंत आहेत.

मुंबईच्या एका संस्थेला याचा सुगावा लागला. कुठल्याशा कंपनीच्या देणगीतून ‘आत्महत्या प्रतिबंध भागीदारी’ उभी राहिली. साखरबाईनं एकच मागितलं, डॉक्टरांकडे न्यायला गाडी. गाडी आली, पण संस्थेच्या प्रतीक्षा मॅडम, कंपनीच्या नावाचा बॅनर आणि फोटोवाला घेऊन. वर अट अशी की यापुढे गोड बोलायचं, शिव्या बंद. गाडीच्या लोभानं बाईनं मान डोलावली.

चाळीतल्या विनोदला कामावरून काढलं होतं. त्याचं दार उघडेना. सगळा लवाजमा तिथं गेला आणि साखरबाई शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "विनोददादा, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो."

मग आतून आवाज आला, "मावशी, तू पन गोड बोलाय लागलीस? मंग माझं काय खरं नाय."

मॅडम फोटोवाल्याला म्हणत होत्या, "बॅनर पूर्ण येऊ दे." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

साखरबाईनं बॅनर ओढून बाजूला फेकला आणि दारावर लाथ घातली. "मेल्या, माझी बादली घिऊन दार लावून बसलास व्हय? निघ भाईर!"

"तुझ्या फुटक्या बादलीला कोन हात लावतो गं?" कडी निघाली. विनोद दारात उभा होता.

"हे आमच्या करारात बसत नाही," मॅडम म्हणाल्या. बॅनरची घडी घालून त्या गाडीत बसल्या. मागची सीट रिकामी ठेवून गाडी निघून गेली.

रिक्षा मिळेपर्यंत दोघं रस्त्यावर बादलीवरून भांडत होती. त्याचं मनगट मात्र तिनं सोडलं नव्हतं.