भाकरी पेटीत, लुगडं हातात

आमच्या गल्लीतलं कोणी परदेशी निघालं की आधी तिकीटवाल्याकडे जातं आणि मग माझ्याकडे येतं. तिकीटवाला विमान सांगतो, बाकी सगळं मी सांगते. परवा शेजारीण आली होती. सहा महिने कॅनडाला, लेकीकडे चालली आहे. चहा ठेवता ठेवता मी सुरू झाले. "गुडघे दुखत असतील तर चाकाची खुर्ची माग, लाजू नको. विमानात पाणी पीत राहा, मधून मधून उठून चाल. गोळ्यांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी ठेव. जावयाचा नंबर कागदावर लिहून जवळ बाळग, मोबाईल ऐन वेळेला मान टाकतो. आन् भाकरी पेटीत टाक, लुगडं हातात ठेव."

शेवटचं तिला कळलं नाही. कसं कळणार? मलाही ते जर्मनीला गेल्यावरच कळलं.

माझी लेक जर्मनीत असते. तिचं पहिलं बाळंतपण होतं. आम्ही दोघं जाणार होतो, पण माढ्याच्या शेतात ऊस उभा होता आणि तोडणीची टोळी कधी येईल याचा भरवसा नव्हता. हे म्हणाले, "टोळी येऊन जाऊ दे, मग जाऊ की."

"बाळ काय टोळीची वाट बघत बसणार हाय का?" मी म्हटलं. "मी एकटी जाते."

"तू? नव्या पेठेत हरवतीस तू!"

हे मात्र खरं होतं. सोलापूरच्या नव्या पेठेत साड्यांची दुकानं बघत चालले की हे पुढे कुठे आणि मी मागे कुठे, असं दर वेळी होतं. पण त्या दिवशी ते वाक्य मला फार झोंबलं. आता जाईन तर एकटीच, असं ठरवून टाकलं.

त्याच नव्या पेठेतून बॅग घेतली. दुकानदारानं हँडलला सोलापुरी चादरीची लाल-पिवळी पट्टी घट्ट बांधून दिली आणि म्हणाला, "मावशी, आता हजार बॅगांत वळखू येईल बघा." मीही खूश झाले.

बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, शेंगाची चटणी भरली. सगळ्यात खाली माझ्या आईचं लुगडं ठेवलं. आमच्यात बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावत नाहीत, घरातल्या म्हाताऱ्या बाईचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं लावतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. ती माढ्याहून करमाळ्याला कमळाभवानीच्या दर्शनाला जायची, तोच तिचा सगळ्यात लांबचा प्रवास. पण माझी लेक जन्मली तेव्हा याच लुगड्यात गुंडाळली होती, आणि फोनवर लेक दर वेळी तेवढंच विचारायची, "आई, आज्जीचं लुगडं घेतलंस ना?" लाडू तिकडे वळता आले असते. लुगडं दुसरं कुठून आणणार?

आणि मी काय केलं? ज्वारीच्या कडक भाकरीचा डबा हातात घेतला आणि लुगडं बॅगेत टाकलं. आपल्याकडे एसटीत बसताना शिदोरी मांडीवर आणि कपडे वर फळीवर, लहानपणापासूनची सवय. विमानातही तेच केलं.

उतरले. सामानाच्या पट्ट्यावरून लाल-पिवळी पट्टी येताना दिसली, बॅग ओढली आणि ऐटीत बाहेर आले. हरवले नाही! जावई पुढे आले, पाया पडले, बॅग उचलली आणि म्हणाले, "आई, बॅग हलकीच आहे की."

हलकी? माझी तर चांगली जड होती. वाकून वास घेतला. माझ्या बॅगेला शेंगाच्या चटणीतल्या लसणाचा वास हवा होता, हिला नुसता अगरबत्तीचा. पट्टी मात्र तीच, गाठसुद्धा तीच. त्या दुकानदारानं अख्ख्या सोलापूरला एकच खूण बांधून दिली होती!

आत जायचा दरवाजा बाहेरून उघडत नव्हता. जावई म्हणाले, "तक्रार नोंदवू. ते आणून देतात घरी, चार-आठ दिवसांत." लेकीचे दिवस भरलेले. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. इतक्या लांब एकटी येऊन, लुगडं दारात हरवून मी लेकीपुढे उभी राहणार होते काय?

कोणी बाहेर आलं की तो दरवाजा क्षणभर सरकायचा. मी ती बॅग दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि दरवाजा सरकताच बेंबीच्या देठापासून ओरडले, "सोलापूरचं कोण हाय का हितं?"

"आई, इथे असं ओरडत नाहीत," जावई लाल होऊन म्हणाले.

"मग कुटं वरडायचं? सोलापुरात?"

पुन्हा दरवाजा सरकला, पुन्हा ओरडले. आजूबाजूची गोरी मंडळी थांबून बघायला लागली. बघेनात का! तिसऱ्यांदा ओरडले आणि आतून तसाच खणखणीत आवाज आला, "हाय, हाय! थांबा की ओ अक्का!"

सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली एक तेलुगू बाई माझी बॅग ओढत धापा टाकत बाहेर आली. "लई जड हाय ओ तुमची बॅग! उचलली आन् म्हणलं, ही आपली न्हाय. कधीची हुडकतेय तुमाला." तिथेच उभ्यानं आम्ही डबा उघडला आणि कडक भाकरी कडाकडा मोडून खाल्ली. एक तुकडा जावयालाही दिला, त्यांनी गुपचूप खाल्ला. बॅग उघडून लुगडं काढलं आणि घरी पोचेपर्यंत छातीशी धरून बसले.

पुढच्याच आठवड्यात नात झाली. दवाखान्यातल्या नर्सनं पांढरंशुभ्र कापड पुढे केलं. लेकीनं मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. मी नातीला लुगड्यात घेतलं. इतका आनंद मला उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

यांना व्हिडिओ कॉल लावला. हे माढ्याच्या फडात उभे, मागे टोळी ऊस तोडत होती. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. नातीच्या आधी त्यांनी लुगड्याचे काठ ओळखले.

"अगं, सासूबाई पोचल्या की जर्मनीला!" ते म्हणाले. मग टोळीकडे वळून, सगळ्या फडाला ऐकू जाईल असे ओरडले, "आमच्या हिनं नेलं! एकटीनं!"