तो बोलला एक शब्द, मी लिहिली ओळ

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. मी सातवी शिकलेला. शिपायाचा जमादार झालो. अर्धापूरकडच्या एका ठाण्यात होतो तेव्हा एका गावात कोणीतरी केळीची उभी बाग कोयत्यानं आडवी केली. सकाळी बागमालकाच्या चुलतभावाचा फोन आला. सायकलवर फिरून विळे-कोयत्यांना धार लावणारा मुसलमान चाचा रात्री बागेजवळ दिसला म्हणे. तेवढ्यावर आम्ही चाचाला उचलून आणलं.

दुपारपर्यंत ठाण्यासमोर गर्दी झाली. त्या गावात मुसलमानांची तीनच घरं. गुन्हा चाचावर बसला तर ती घरं काही राहत नाहीत, हे मला दिसत होतं. फौजदार साहेब म्हणाले, कबुली घेऊन मोकळा हो.

मी दरडावून विचारलं, बाग तू तोडली? तो म्हणाला, "हाव साब." कोयता तुझाच? "हाव साब." मी जबाबात लिहिलं, 'सदर बाग मी रागाच्या भरात तोडली.' तो बोलला एक शब्द, मी लिहिली ओळ.

गर्दी वाढली म्हणून घरी फोन केला, दार लावून बस म्हणालो. बायकोनं विचारलं, कबूल झाला का? म्हणालो, सगळ्याला हाव म्हणतोय.

"तुम्ही तरी साहेबापुढं दुसरं काय म्हणता?" ती म्हणाली.

मागच्या पोळ्याला ती गेली. आता घरात असं तोंडावर बोलणारं कोणी नाही.

त्या दिवशी मी फोन ठेवला. परत जाऊन चाचाला विचारलं, "नांदेडचा कलेक्टर तूच का?"

"हाव साब."

मला हसू आलं नाही. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. "चाचा, आता हाव म्हणायचं न्हाई. काल रात्री कुठं होता, तेवढं सांगा."

"बेटी के जचकी में था साब, नांदेड के दवाखाने में. मेरेकू कोई पूछेच नै."

दवाखान्यात फोन लावला. नर्सबाई म्हणाल्या, लेक बाळंत झाली, म्हातारा रात्रभर व्हरांड्यात बसून होता. मग खबर देणाऱ्या चुलतभावाला बोलावलं. त्याच्या रानात सोयाबीन, अन् सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. ते धुऊन जात नाहीत. बागमालकाशी बांधाचं जुनं भांडण होतं. तासाभरात सगळं ओकला.

साहेब म्हणाले, पहिला जबाब फाड. नोकरीची भीती मलाही होती. तरी तो फाडला नाही, स्टेशन डायरीत लिहिलं, 'इसम जे बोलला नाही ते मी लिहिले.' खाली सही केली.

गर्दी पांगली, पण चाचा बाहेर पडेना. त्याला गावात पोचवायला मीच गेलो. त्याच्या घराला आतून कडी. चाचा माझ्यामागं उभा राहिला. मी दार वाजवून म्हणालो, "उघडा, पोलीस आहे."

आत त्याची सून रडायला लागली.

मी धमकावलं नव्हतं, रोज बोलतो तसंच बोललो होतो. दुपारी चाचाला विचारतानाही माझा आवाज हाच होता. तेव्हापासून कोणाचाही जबाब घेताना मी आधी खाली बसायचो, मग विचारायचो.